‘बेस’ म्हणजे पाया नव्हे
(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘वसतिगृहातील शैक्षणिक कार्य’. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच कोपरा घेतो, कारण मला तेवढाच नीट ठाऊक आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यावर नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या वसतिगृहात बारावी विज्ञानाच्या मुलामुलींचा संध्याकाळचा अभ्यास घेऊ लागलो. यंदाचे सहावे वर्ष. तेव्हा ही मुले बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपराची तयारी कशी करतात आणि ती कुठे अडते, एवढेच मी सांगणार आहे. ज्यांनी या विषयाला शाळेतच निरोप दिला, त्यांनी घाबरू नये. मी फळ्यावर काही लिहिणार नाही.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून मुलांना परत मिळाले होते. एका मुलीला रसायनशास्त्रात ७० पैकी ११ गुण होते. तिचे नाव मी घेत नाही, कारण हे वार्तापत्र तिच्या गावापर्यंत जाते. मुलगी अक्राणीच्या डोंगरातली. घरी पावरी बोलतात. दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकली आणि विज्ञानात चांगले गुण घेऊन आली. अकरावीला विज्ञान शाखा घेतली, तसे पुस्तक इंग्रजी झाले. ती पेपर घेऊन माझ्याकडे आली नाही. मीच मागून घेतला.

पेपर कोरा नव्हता, हे मी आधी सांगतो. तिने पाने भरली होती. पण ‘रिडक्शन’ म्हणजे काय, या प्रश्नापुढे एक ओळ लिहून खोडलेली होती. मी तिला मराठीत विचारले, “ऑक्सिडीकरण कशाला म्हणतात?” तिने न अडखळता सांगितले: ऑक्सिजनशी संयोग होणे, किंवा हायड्रोजन निघून जाणे, आणि त्याच्या उलट ते क्षपण. दहावीच्या पुस्तकात आहे तसे चोख. मग मी इंग्रजी शब्दावर बोट ठेवले. “आणि हा?”

“कमी करणे, सर,” ती म्हणाली.

तिच्या उशाशी एक छोटा इंग्रजी-मराठी शब्दकोश असे. वर्षभर ती त्यातून रसायनशास्त्र वाचत होती. शब्दकोशात रिडक्शन म्हणजे घट. मग मी एकेक शब्द विचारत गेलो. बेस? पाया. सॉल्ट? मीठ. सोल्यूशन? उत्तर. रेट? भाव. ऑर्डर? हुकूम. सेल? पेशी, कारण जीवशास्त्रात तोच अर्थ होता आणि तिथे तो बरोबरही होता. ‘आयडियल सोल्यूशन’ या मथळ्याखालचा सगळा भाग तिने आदर्श उत्तर कसे लिहावे यासंबंधी असेल असे समजून मनापासून वाचला होता आणि काही उलगडेना म्हणून सोडून दिला होता.

आपल्याला हसू येते. मलाही आले. ती हसली नाही. तिने विचारले, “मग सर, बेस म्हणजे आम्लारी का?” मी हो म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ते तर मला येतं.”

मंडळी, आम्लारी तिला येत होती. द्रावण येत होते, द्रावक आणि द्राव्य येत होते, विद्युत अपघटन येत होते, उत्प्रेरक येत होता. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले. तेव्हापासून मराठीत या विषयाची भाषा घडत आली आणि दहावीपर्यंत आपण मुलांना ती शिकवतो. अकरावीच्या पहिल्या दिवशी ती सगळी शिदोरी दाराबाहेर ठेवायला लावतो. शहरातल्या मुलाला क्लास असतो, घरात कोणीतरी शिकलेले असते, मोबाइल असतो. तो आठवड्याभरात जुना शब्द नव्या शब्दाला जोडून घेतो. आमच्या मुलांची तर ही दुसरी उडी. पहिली त्यांनी पहिलीत मारलेली असते, पावरीतून किंवा भिलीतून मराठीत. तेव्हाही त्यांना कोणी हात दिलेला नसतो.

त्या रात्री आम्ही एक वही आखली. तीन रकाने. पहिल्यात पुस्तकातला इंग्रजी शब्द. दुसऱ्यात दहावीचा मराठी शब्द. तिसऱ्यात तिने तिच्या भाषेत, तिच्या पद्धतीने लिहायचे. पावरीत लिहिले तरी चालेल, मी वाचणार नव्हतो. ‘स्ट्राँग’ आणि ‘कॉन्सन्ट्रेटेड’ हे दोन शब्द दरवर्षी सगळ्यांना फसवतात. स्ट्राँग म्हणजे तीव्र: ज्या आम्लाचे पाण्यात जवळजवळ पूर्ण विघटन होऊन आयन मोकळे होतात ते. कॉन्सन्ट्रेटेड म्हणजे संहत: ज्यात पाणी कमी. तीव्र आम्ल पाणी घालून विरल करता येते आणि तरी ते तीव्रच राहते. तिने तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिले आणि शेजारच्या मुलीला वाचून दाखवले, त्या दोघी खुदकन हसल्या. मी अर्थ विचारला तर सांगेनात. पण तो प्रश्न त्यांचा पुन्हा कधी चुकला नाही.

पुस्तकात १६ प्रकरणे आहेत. पहिली सहा भौतिक रसायनाची: घन अवस्था, द्रावणे, आयनिक समतोल, ऊष्मागतिकी, विद्युत रसायन आणि अभिक्रियेचा वेग. मग तीन असेंद्रिय, मग चार सेंद्रिय, शेवटी जैवरेणू, बहुवारिके आणि हरित रसायनासारखी प्रकरणे. वही भरायला पाच आठवडे लागले. शब्द दोनशेच्या आसपास निघाले. मी हजार धरून चाललो होतो.

शब्दांइतकीच अडचण प्रश्नातल्या क्रियापदांची निघाली. ‘डिफाइन’ म्हणजे व्याख्या, एवढे सर्वांना येते. पण ‘डिराइव्ह’, ‘जस्टिफाय’, ‘डिस्टिंग्विश’, ‘अकाउंट फॉर’ यांत काय लिहायचे? सेंद्रिय रसायनात एक नेहमीचा प्रश्न असतो: अमुक पदार्थावर तमुक अभिकर्मकाची ‘अ‍ॅक्शन’ काय? फिनॉलवर ब्रोमिनच्या पाण्याची अ‍ॅक्शन विचारली होती. शब्दकोशात अ‍ॅक्शन म्हणजे कृती. आणि मराठी विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोगाखाली ‘कृती’ असे लिहिलेले असते, तेही तिला आठवले. म्हणून तिने लिहिले: एका परीक्षानळीत फिनॉल घ्या, त्यात ब्रोमिनचे पाणी घाला, हलवा. शून्य गुण. खरे तर ट्रायब्रोमोफिनॉलचा पांढरा साका येतो, हे तिला माहीत होते. कोणी विचारलेच नाही असे तिला वाटले.

आणि शेवटची गोष्ट प्रश्नपत्रिकेच्या रचनेची. लेखी पेपर ७० गुणांचा, प्रात्यक्षिक ३० गुणांचे. लेखीत एकेका गुणाचे १८ प्रश्न सक्तीचे. त्यापुढे दोन गुणांचे १२ प्रश्न, त्यातले कोणतेही ८ सोडवायचे. तीन गुणांचे १२, त्यातलेही ८. चार गुणांचे ५, त्यातले ३. म्हणजे छापलेला पेपर ९८ गुणांचा असतो आणि लिहायचा ७० गुणांचा. आमच्या मुलांनी पूर्वपरीक्षेत ‘एनी एट’ हे शब्द ओलांडून सगळेच प्रश्न थोडे थोडे लिहिले होते. गरिबाघरच्या मुलाला ताटात वाढलेले टाकायला शिकवावे लागते, हे मला तिथे कळले. पहिली दहा मिनिटे नुसते वाचायचे आणि जे नको त्यावर पेन्सिलने बारीक फुली मारायची, याचा आम्ही जानेवारीत चार वेळा सराव केला. एक मुलगा फुली मारताना इतका कष्टी होई की जणू कोणाचे नुकसान करतो आहे.

आता मी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरे होणार नाही.

मी वसतिगृहात आलो त्या पहिल्या वर्षी बारावीला एक मुलगा होता. वडिलांबरोबर आठवडे बाजारात आमचूर विकायचा. तुम्हाला ठाऊक असेल, धडगावच्या बाजूला उन्हाळ्यात घरोघर कैऱ्या कापून वाळवतात. व्यापारी काट्यावर वजन सांगे आणि हा मुलगा त्याच्या आधी तोंडी पैसे सांगे. असा हिशोबाचा मुलगा. मी पाहिले की या मुलांचे इंग्रजी कच्चे, परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगचे कोष्टक पाहिले की ती बिचकतात. मी अनुभवी शिक्षक. मी ठरवले आणि सर्वांना सांगितले: गणिते सोडून द्या. व्याख्या पाठ करा, नावांच्या अभिक्रिया पाठ करा, पास होण्यापुरते तेवढे बस आहे.

मुलाने माझे ऐकले. तो रात्री कंदिलाशेजारी बसून इंग्रजी परिच्छेद पाठ करी. कॅनिझारो, क्लेमेन्सन, हॉफमन, गॅब्रिएल, सँडमायर. ज्याला स्पेलिंगची ही नावे म्हणजे दगड उचलण्यासारखे होते, त्याला मी दगडच उचलायला लावले. परीक्षेत अर्धे विसरला. रसायनशास्त्रात नापास झाला.

तेव्हा निकाल मे महिन्याच्या अखेरीस लागत असे आणि पुरवणी परीक्षा जुलैत असे. अर्ज भरायला मध्ये थोडे दिवस मिळत. मी उन्हाळ्यात पुण्याला माझ्या मुलाकडे होतो. मी त्याला फोन लावला, लागला नाही. त्यांच्या पाड्यावर एका टेकडीवर गेले तरच रेंज मिळते, हे मला माहीत होते. दोन-तीनदा लावला आणि सोडून दिला. जूनमध्ये मी परत आलो तेव्हा अर्जाची मुदत संपली होती आणि त्याच्या घरी पेरणी सुरू होती. दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला.

त्या पावसाळ्यात मी त्याच वर्षीची प्रश्नपत्रिका घेऊन बसलो आणि गणिती प्रश्न बाजूला काढले. मी जे सोडायला सांगितले होते त्यात पर्यायांसकट इतके गुण होते की पास-नापासातले अंतर सहज भरून निघाले असते. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या प्रश्नांना इंग्रजी सर्वांत कमी लागते. दिलेल्या किमती लिहा, सूत्र लिहा, किमती घाला, हिशोब करा, एकक लिहा. एक वाक्यही रचावे लागत नाही. सबंध पेपरात आमच्या मुलांसाठी सर्वांत मोकळी वाट तीच होती, आणि मी तिच्यावर काटे टाकून ठेवले होते.

तेव्हापासून आमच्याकडे जूनची सुरुवात लॉगच्या कोष्टकाने होते. परीक्षेत ते वापरायला परवानगी असते, पण वापरायची सवय हवी. रोज दहा मिनिटे, बाकी काही नाही. दोनचा लॉग ०.३०१०, तीनचा ०.४७७१, हे दोन तर तोंडपाठच. समजा एका द्रावणात दर लिटरला ०.००२ मोल हायड्रोजन आयन आहेत. पीएच किती? तीनमधून ०.३०१० वजा करा, उरले २.७. लिंबाच्या रसाच्या जवळपास. मुलांना एकदा हे जमले की पहाडा म्हणावा तसे म्हणत सुटतात.

अभिक्रियेच्या वेगाचे प्रकरण मी भाकरीने शिकवतो. प्रत्येक घासाला उरलेल्यातली अर्धी भाकरी खायची. पहिल्या घासाला अर्धी उरली, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला आठवा भाग. भाकरी केवढी होती याने फरक पडत नाही. अर्धी व्हायला वेळ तेवढाच. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल असाच असतो, सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून नसतो. दहा मिनिटांत निम्मा पदार्थ संपला तर तीस मिनिटांनी आठवा भाग उरणार. एका लहान मुलाने, तो बारावीचा नव्हता, नुसता ऐकत बसला होता, विचारले: “मग सर, भाकरी संपणारच नाही?” मी म्हटले, हिशोबात नाही संपत. तो म्हणाला, “मग असंच खायला पाहिजे.”

प्रात्यक्षिकाचे ३० गुण सोपे समजले जातात. शहरात सोपे असतीलही. आमची मुले जिथे जातात तिथे एका ब्युरेटभोवती सहा जण उभे राहतात, आणि आमचा मुलगा सहावा असतो. त्याला काचेची भीती असते. फुटले तर भरून द्यावे लागेल, म्हणून तो हात मागे बांधून उभा राहतो आणि दुसऱ्याने घेतलेली नोंद उतरवून घेतो. परीक्षेच्या दिवशी ब्युरेट पहिल्यांदा हातात येते. दोन वर्षांपूर्वी तुमच्या देणगीतून दोन ब्युरेट, दोन पिपेट आणि काही शंकुपात्रे घेतली. पहिला आठवडा मी नुसते पाणी भरायला लावले, थेंब मोजायला लावले आणि सांगितले की यातले काही फुटले तर कोणी काही भरायचे नाही. एक फुटले. मुलगी रडली. आम्ही दुसरे आणले. त्यानंतर हात सुटले.

मग खरे टायट्रेशन. ऑक्झॅलिक आम्लात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून ते साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचे आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट सोडायचे. पहिल्या थेंबांचा जांभळा रंग जायला वेळ लागतो, पुढचे थेंब भराभर विरतात, कारण अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिला वेग देतात. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी रंग जात नाही. तिथे थांबायचे. द्रावण गडद असल्याने या ब्युरेटची नोंद वरच्या कडेवर घ्यायची, एरवी खालच्या वक्रावर घेतात. हे शंभरदा सांगून कळत नाही, दोनदा करून कळते.

अल्कोहोलच्या प्रकरणाविषयी बोलावे की नाही, याचा मी गाडीत बसल्यापासून विचार करत होतो. आपल्यात दारूबंदीसाठी आयुष्य वेचलेली माणसे बसली आहेत आणि दारूने डोंगरातली घरे कशी बसवली हे मीही पाहिले आहे. पण जे झाले ते सांगतो. ऊर्ध्वपातन शिकवताना मी मुलांना उपकरणाची आकृती काढायला सांगितली. त्या मुलीने पुस्तकाकडे न बघता मडके, त्यावरचे झाकण, नळी आणि थंड पाण्यात ठेवलेले भांडे असे काढले. शेजारच्या मुलाने कोपराने ढोसले. तिने घाईघाईने सगळे खोडून टाकले आणि मान खाली घातली.

मी तिला पुन्हा काढायला लावले. मडके म्हणजे ऊर्ध्वपातनाचा चंबू. थंड भांडे म्हणजे संघनक. मोहाच्या फुलात साखर असते, यीस्टमधली विकरे तिचे इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतात. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० ला, म्हणून वाफेत आधी इथेनॉल जास्त येते. मिथेनॉल तर ६५ अंशांनाच उकळते आणि ते विष आहे. डोळे जातात, जीव जातो. हे बोलताना वर्गात अशी शांतता होती की मला कळले, यातल्या कोणाकोणाच्या घरात हे घडून गेले आहे. दारू वाईट, एवढे सांगून आपण तो विषय वसतिगृहात बंद करतो. माझे मत विचाराल तर तसे करू नये. मुलाला आपल्या घरचे काहीच इथे बोलता येत नाही असे वाटू लागले, की तो घरची भाषा लपवतो, घरचा हिशोब लपवतो, आणि मग रसायनशास्त्रात जे आधीच येते तेही लपवतो. काही वडिलांना हे पटणार नाही. आपण चहाच्या वेळी बोलू.

परीक्षेच्या दिवसांविषयी थोडेसे. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. हे ऊसतोडीचे दिवस. पालक गावात नसतात. मुलगी मोठी असेल तर धाकट्यांना आणि शेळ्यांना बघायला आजी तिला बोलावून घेते. त्यातच होळी. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सण. आधीचा आठवडाभर भोंगऱ्याचे बाजार भरतात, ऊसतोडीला गेलेली माणसे तेवढ्यासाठी परत येतात. कधीकधी होळी नेमकी पेपरांच्या मधोमध पडते. पहिल्या वर्षी आम्ही मुलांना जाऊ दिले नाही. दोन मुले रात्री भिंतीवरून गेली आणि पेपराला उशिरा पोचली. आता आम्ही आधीच कॅलेंडर पाहतो. पेपरांत सुट्टी असेल तर जीप ठरवून सकाळी नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. मुलांनी आईवडिलांना चार महिन्यांनी पाहिलेले असते. ते पाहून आलेले मूल रात्री अभ्यासाला बसते. न पाहिलेले नुसते पुस्तकापुढे बसते.

त्या मुलीला लेखीत ७० पैकी ४३ मिळाले. ११ वरून ४३. प्रात्यक्षिकात बरे मिळाले. ती आता औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला आहे. सुट्टीत आली की तिची जुनी वही मागते, पण ती वही आता तिच्याकडे नाही. गेली दोन वर्षे ती बारावीच्या मुलांत फिरते आहे, कव्हर गेले आहे, आणि तिसऱ्या रकान्यात पाचसहा हस्ताक्षरे झाली आहेत. सगळीच पास झाली असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी आठांपैकी दोघे राहिले. या वेळी मे महिन्यात मी पुण्याला गेलो नाही. निकालाच्या दिवशी वसतिगृहातच होतो आणि दोघांचेही अर्ज जीपने जाऊन भरून घेतले. एक पास झाला. एकाला पुन्हा बसायचे आहे.

गेल्या जूनमध्ये वसतिगृहाच्या दारात एक जीप थांबली. चालक खाली उतरला. आमचूर विकणारा तो मुलगा. आता धडगावच्या रस्त्यावर गाडी चालवतो, लग्न झाले आहे. धाकट्या बहिणीला अकरावी विज्ञानासाठी आणून सोडायला आला होता. मी त्याला आत बोलावले, चहा दिला. त्या वर्षीबद्दल मला जे बोलायचे होते ते मी बोललो. तो ऐकत राहिला. “राहू द्या सर,” म्हणाला. मग बहिणीची पेटी उतरवली, तिला दोन गोष्टी सांगितल्या आणि निघताना माझ्याकडे वळून म्हणाला, “फक्त हिला गणितं सोडायला सांगू नका.”

ती मुलगी आता बारावीला येईल.

मेळाव्याच्या चिठ्ठीत ‘गरजा’ असा रकाना आहे, म्हणून त्या सांगून थांबतो. लॉगच्या कोष्टकाच्या वीस पुस्तिका. आणखी चार ब्युरेट. तीन रकाने आखलेल्या जाड वह्या, प्रत्येकी दोनशे पानी, बारा. गाईड आणि जुने प्रश्नसंच कृपया पाठवू नका, ते कपाटभर आहेत. आणि तुमच्यापैकी कोणी रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा इंग्रजी शिकवले असेल आणि डिसेंबर-जानेवारीतले दोन आठवडे देता येत असतील, तर राहायची सोय आहे. थंडी कडक असते, घोंगडी आम्ही देतो. वसतिगृह जूनच्या मध्यावर उघडते. वह्या तेव्हा हाती असल्या तर पहिल्या दिवसापासून भरता येतील.